अठ्ठेचाळीस उत्तरं, चोवीस विनंत्या: ब्राउझरचा कॅशे आणि तुमचा प्रयोग

तुम्ही ऑनलाइन सर्व्हे किंवा ब्राउझरमध्ये चालणारा प्रयोग करणार असाल, तर डेटा गोळा करायला लागण्याआधी हा लेख वाचा. मी आधी डेटा गोळा केला आणि मग हे शिकले. त्याची किंमत म्हणजे माझा अर्धा डेटा.

प्रयोग साधा होता. पडद्यावर मराठी उतारा वाचताना ओळींमधलं अंतर वाढवलं तर आकलनात फरक पडतो का, एवढंच बघायचं होतं. दोन गट. कोण कुठल्या गटात जाणार हे सर्व्हर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. पान उघडलं की ते सर्व्हरला विचारायचं, "गट कोणता?" सर्व्हर उत्तर द्यायचा, "अ" किंवा "ब". शेवटी सहभागी व्यक्तीची उत्तरं तिच्या क्रमांकासह आणि गटासह सर्व्हरकडे जायची. लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर होते. दुपारपर्यंत चार बॅचेस झाल्या: १०, १०:३०, ११:१५ आणि ११:४५. एकूण अठ्ठेचाळीस जण.

संध्याकाळी सहज म्हणून सर्व्हरचा लॉग उघडला. उत्तरं जमा झाल्याच्या नोंदी अठ्ठेचाळीस. गट विचारल्याच्या नोंदी चोवीस.

मग उरलेल्या चोवीस जणांना गट कोणी दिला? ब्राउझरने. परस्पर.

नेमकं काय झालं

ब्राउझर सर्व्हरकडून आलेलं उत्तर स्वतःजवळ ठेवून देतो. त्या साठ्याला कॅशे म्हणतात. पुन्हा तोच पत्ता मागितला आणि जवळची प्रत अजून ताजी असेल, तर तो सर्व्हरपर्यंत जातच नाही. त्यामुळे वेब वेगवान होतं, म्हणून कॅशेला शिव्या देण्यात अर्थ नाही. संस्थेचं बोधचिन्ह दर पानाला नव्याने का आणायचं?

प्रत किती वेळ ताजी मानायची हे सर्व्हर उत्तरासोबतच्या हेडरमध्ये सांगतो. (या लेखात हेडरची नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत लिहायची असतात.) 'कॅशे-कंट्रोल: मॅक्स-एज=३६००' याचा अर्थ ही प्रत ३६०० सेकंद, म्हणजे एक तास ताजी आहे. पानावरची चित्रं पटकन दिसावीत म्हणून मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ही ओळ टाकली होती. चूक अशी की ती फक्त चित्रांच्या फोल्डरला न लावता सगळ्या साइटला लावली. म्हणजे "गट: अ" हे उत्तरही तासभर ताजं.

आता वेळापत्रक बघा. दहाच्या बॅचला गट सर्व्हरने दिला. साडेदहाला त्याच खुर्चीत दुसरी व्यक्ती बसली, तास उलटला नव्हता, तिला ब्राउझरने आधीच्याचाच गट दिला. सव्वाअकराला प्रत शिळी झाली होती, म्हणून पुन्हा सर्व्हरकडे विचारणा झाली. पावणेबाराला पुन्हा कॅशे. बारा गुणिले दोन, चोवीस. हिशेब बरोबर जुळला.

उत्तरं मात्र सगळी पोहोचली, कारण ती पोस्ट पद्धतीने जात होती. ब्राउझर व्यवहारात पोस्टच्या विनंतीला कॅशेमधून उत्तर देत नाहीत. त्यामुळे फाइलमध्ये अठ्ठेचाळीस ओळी, प्रत्येकीत गट भरलेला, एकही रकाना रिकामा नाही. हा दोष धोकादायक आहे तो याचमुळे. काही बंद पडत नाही, लाल अक्षरात एरर येत नाही, डेटा अगदी नीटनेटका दिसतो.

पण तो यादृच्छिक नव्हता. माझी चाचणी गृहीत धरत होती की अठ्ठेचाळीस जणांच्या चिठ्ठ्या स्वतंत्रपणे निघाल्या. प्रत्यक्षात चोवीस चिठ्ठ्या निघाल्या आणि प्रत्येक चिठ्ठी दोघांना चिकटली, शिवाय दोघेही एकाच कॉम्प्युटरवरचे. खिडकीजवळच्या पडद्यावर उजेड पडत असेल, तर तो परिणाम गटाच्या परिणामात मिसळला. गाईड मॅडमनी शांतपणे एकच विचारलं, "लॉग उघडला नसतास तर?" तर पेपर तसाच गेला असता, आणि बहुधा कोणाला कळलंही नसतं.

गप्प बसणं म्हणजे मनाई नव्हे

तुम्ही म्हणाल, "मी असली काही ओळ टाकणारच नाही, म्हणजे सुटलो." नाही सुटलात. सर्व्हरने मुदत सांगितली नाही तर ब्राउझरला अंदाज बांधायची मुभा आहे. कॅशेचे नियम सध्या आरएफसी ९१११ या जून २०२२ च्या दस्तऐवजात आहेत, आणि अंदाजाची ही परवानगी त्यात स्पष्ट दिली आहे. उत्तरासोबत 'लास्ट-मॉडिफाइड', म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख असेल, तर त्या तारखेपासून आजवर जितका काळ गेला त्याचा काही हिस्सा मुदत म्हणून धरता येतो. नेहमीचा हिस्सा म्हणून तिथे १० टक्के सुचवले आहेत.

उदाहरण घ्या. तुमची प्रश्नावली एका फाइलमध्ये आहे आणि ती तीस दिवसांपूर्वी बदलली होती. काल कोणीतरी सर्व्हे उघडून अर्धवट सोडला. तीस दिवसांचे १० टक्के म्हणजे तीन दिवस. आज तुम्हाला सातव्या प्रश्नातली चूक दिसली आणि तुम्ही ती दुरुस्त केली. ती व्यक्ती उद्या परत आली तर तिला जुनाच सातवा प्रश्न दिसू शकतो. तुमच्या फाइलमध्ये मात्र तिचं उत्तर नव्या प्रश्नाखाली जमा होणार.

स्क्रिप्टने जागच्या जागी तयार केलेल्या उत्तरासोबत बहुतेक वेळा 'लास्ट-मॉडिफाइड' नसतो, म्हणून ते अनेकदा वाचतं. पण ते नशिबाने. संशोधनाची पद्धत नशिबावर ठेवायची नाही. साठवायचं नसेल तर तसं लिहून सांगायचं.

कुठला शब्द कशासाठी

इथे नावं फसवी आहेत, म्हणून जरा सावकाश वाचा.

'नो-कॅशे' याचा अर्थ "साठवू नको" असा नाही! अर्थ असा की साठव, पण दर वेळी वापरण्याआधी मला विचार. सर्व्हर उत्तरासोबत 'ईटॅग' नावाची खूण देतो. पुढच्या वेळी ब्राउझर ती खूण दाखवून विचारतो, "माझ्याकडे ही प्रत आहे, चालेल का?" बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हा क्रमांक परत पाठवतो आणि मजकूर पुन्हा पाठवत नाही. बदल असेल तर नवा मजकूर येतो.

'नो-स्टोअर' याचा अर्थ साठवूच नको. बहुतेकांना मनात हेच हवं असतं आणि ते लिहितात मात्र 'नो-कॅशे'.

'प्रायव्हेट' म्हणजे या व्यक्तीच्या ब्राउझरने साठवलं तर चालेल, पण वाटेतल्या सामायिक कॅशेने साठवू नये.

'मस्ट-रिव्हॅलिडेट' म्हणजे प्रत शिळी झाल्यावर विचारल्याशिवाय वापरू नको. ताजी असेपर्यंत हा शब्द काहीच करत नाही. म्हणून तो एकटा लिहून उपयोग नाही.

इंटरनेटवर तुम्हाला एक लांबलचक मंत्र सापडेल: नो-स्टोअर, नो-कॅशे, मस्ट-रिव्हॅलिडेट, मॅक्स-एज शून्य, वर 'प्राग्मा: नो-कॅशे', वर 'एक्स्पायर्स: ०'. त्यातला 'प्राग्मा' १९९६ च्या एचटीटीपी १.० मधला आहे, आणि तोही ब्राउझरने विनंतीत पाठवायचा. सर्व्हरच्या उत्तरात त्याला ठरलेला अर्थ कधीच नव्हता. 'कॅशे-कंट्रोल' आला १९९७ च्या एचटीटीपी १.१ बरोबर. आजच्या ब्राउझरसाठी एकटं 'कॅशे-कंट्रोल: नो-स्टोअर' पुरेसं आहे. मंत्र लावल्याने बिघडत नाही, पण त्यातल्या कुठल्या शब्दाने काम झालं ते सांगता आलं पाहिजे. व्हायव्हात विचारतातच असं नाही, पण आपल्याला माहीत असावं.

प्रयोगाच्या साइटसाठी माझी वाटणी आता अशी आहे. सहभागी व्यक्तीनुसार किंवा क्षणानुसार बदलणारं सगळं, म्हणजे गट, क्रमांक, सेन्सरचं ताजं वाचन, "तुमची किती उत्तरं झाली" हा आकडा: नो-स्टोअर. सगळ्यांना सारखं, पण मध्येच दुरुस्त होऊ शकणारं, म्हणजे प्रश्नावली, सूचना, संमतीपत्र: नो-कॅशे आणि ईटॅग. न बदलणारी चित्रं, फॉन्ट: लांब मुदत, आणि बदल करायचाच झाला तर फाइलचं नाव बदलायचं. सरसकट सगळ्यावर नो-स्टोअर लावू नका. खेड्यातल्या कमजोर नेटवर्कवरून सर्व्हे भरणाऱ्याला दर वेळी सगळी चित्रं उतरवायला लावलीत, तर तो मध्येच सोडून जाईल, आणि मग डेटात वेगळाच पूर्वग्रह शिरेल.

आणखी एक. पानाच्या मजकुरात मेटा टॅग टाकून कॅशे बंद करायचा सल्ला जुन्या लेखांत मिळतो. त्यावर विसंबू नका. वाटेतले सर्व्हर पानाच्या आत डोकावत नाहीत, आणि गटासारखं उत्तर एचटीएमएल नसतंच, मग टॅग ठेवणार कुठे? हेडरच लावा.

आधीच्या प्रतींचं काय

लॉग बघून मी घाईघाईने नो-स्टोअर लावलं आणि ताबडतोब लॅबमध्ये जाऊन पाहिलं. शेवटच्या बॅचचा तास अजून संपला नव्हता असं एखादं यंत्र असतं, तर तिथे जुनाच गट दिसत राहिला असता. कारण उघड आहे: ब्राउझर सर्व्हरकडे जाणारच नाही, तर नवा हेडर त्याला कळणार कसा? नो-स्टोअर पुढच्या उत्तरांना लागू होतो. साठलेलं पुसत नाही.

त्यावर सोपा उपाय म्हणजे पत्ता बदलणं. कॅशेमधली प्रत पत्त्यावरून शोधली जाते, त्यामुळे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून नवा आकडा जोडला की ब्राउझरला ती नवीन वस्तू वाटते. काहीजण दर विनंतीला घड्याळाची वेळ जोडतात. जे-क्वेरीमध्ये कॅशे बंद करण्याची सोय हेच करते. सर्व्हर तुमच्या हातात नसेल तेव्हा ही युक्ती कामाची आहे. फक्त हेडरने मनाई केली नसेल तर प्रत्येक उत्तर वेगळ्या नावाने साठत राहतं. जावास्क्रिप्टच्या 'फेच'मध्येही कॅशेसाठी नो-स्टोअर असा पर्याय देता येतो. पण शक्य असेल तिथे मनाई सर्व्हरकडूनच यावी, कारण तिथे ती एकदा लिहिली की सगळ्या पानांना लागू होते.

हेडर जिथे पुरत नाही

बॅकचं बटण. मागे गेल्यावर ब्राउझर अनेकदा अख्खं पान, आहे त्या अवस्थेत, मेमरीतून परत आणतो. हा वर सांगितलेला कॅशे नव्हे, वेगळी सोय आहे, आणि ताजं-शिळं हे नियम तिला तसेच लागू होतील असं नाही. सहभागी मागे जाऊन उत्तर बदलू शकतो का, हे प्रत्यक्ष बटण दाबून पाहा.

सर्व्हिस वर्कर. ऑफलाइन चालणाऱ्या साइटमध्ये प्रोग्रामर स्वतः प्रती साठवतो. तिथे तुमच्या हेडरकडे आपोआप लक्ष दिलं जात नाही. कोड वाचावाच लागतो.

३०१ क्रमांकाचं पुनर्निर्देशन. काहीजण एकच लिंक देतात आणि सर्व्हर तिथून लोकांना दोन वेगळ्या फॉर्मकडे पाठवतो. ३०१ म्हणजे "कायमचा पत्ता बदलला", आणि हे उत्तर न सांगताही साठवता येतं. मग त्या ब्राउझरवरून येणारा प्रत्येकजण त्याच फॉर्मकडे जाणार. इथे तात्पुरता ३०२ वापरा आणि सोबत नो-स्टोअर लावा.

वाटेतला सामायिक कॅशे. तुमच्या आणि सहभागीच्या मधे सीडीएन असेल, तर तिथली चूक एका ब्राउझरपुरती राहत नाही. २५ डिसेंबर २०१५ रोजी व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या गेमच्या दुकानात हे घडलं. सर्व्हरवर हल्ला चालू होता, भार हलका करायला कॅशेची नवी मांडणी लावली गेली, आणि तीत लॉग-इन केलेल्या लोकांसाठी तयार झालेली पानं साठवली गेली. साधारण दीड तास काही लोकांना दुसऱ्यांची पानं दिसत होती. कंपनीने नंतर सांगितलं की सुमारे ३४,००० जणांची पानं अशी इतरांना दिसली असू शकतात. लक्षात ठेवा: कुकी आहे एवढ्यावरून साठवणूक थांबत नाही, तसं सांगावं लागतं. तुमच्या अभ्यासात आरोग्याची किंवा उत्पन्नाची माहिती असेल, तर हा नैतिकता समितीपुढचा प्रश्न आहे. आणि नो-स्टोअर लावलं म्हणजे गोपनीयता राखली असंही समजू नका. तो एकटा त्यासाठी पुरेसा नाही, हे आरएफसी ९१११ मध्येच म्हटलं आहे.

मला आधी का दिसलं नाही

पायलटच्या वेळी मी पान तीस-चाळीस वेळा रिफ्रेश केलं होतं. गट नीट बदलत होता. मग लॅबमध्ये काय झालं?

माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडी होती आणि त्यात 'डिसेबल कॅशे' या चौकोनात टिक होती. ही टिक टूल्स उघडी असतानाच काम करते, आणि सहभागी काही टूल्स उघडून बसत नाही. म्हणजे मी जो प्रयोग तपासला तो आणि जो लोकांनी केला तो, दोन वेगळे होते. कमांड लाइनवरच्या 'कर्ल'चंही तसंच. हेडर बघायला तो उत्तम आहे, पण तो स्वतः प्रती साठवत नाही, त्यामुळे त्यात हा दोष कधीच दिसणार नाही.

तपासणी अशी करा. टिक काढा. साधा ब्राउझर, टूल्स बंद. लागोपाठ दहा खोटे सहभागी बनून प्रयोग पूर्ण करा, शक्यतो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. मग लॉग उघडून मोजा: दहा उत्तरांमागे गटाच्या दहा विनंत्या आहेत का? त्यानंतर टूल्स उघडा (टिक न लावता) आणि नेटवर्कच्या यादीत त्या विनंतीसमोर डिस्क कॅशे किंवा मेमरी कॅशे असं काही दिसतंय का ते पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

खरी दुरुस्ती

हेडर लावल्यावर मला वाटलं, झालं. पण खरी चूक हेडरच्या आधीची होती. गट देणं हे मी "माहिती वाचणं" समजले आणि गेट पद्धत वापरली. गेटचा अर्थच असा की या विनंतीने सर्व्हरवर काही बदलण्याची अपेक्षा नाही, म्हणून ती साठवायला किंवा पुन्हा पाठवायला हरकत नाही. गट देणं ही मात्र कृती आहे. चिठ्ठी निघते, नोंद होते. ती पोस्टनेच व्हायला हवी होती.

आता माझं पान सहभागीचा क्रमांक पोस्टने पाठवतं. सर्व्हर गट ठरवतो, क्रमांकासमोर नोंदवतो आणि मगच कळवतो. तोच क्रमांक पुन्हा आला, समजा नेटवर्क तुटलं, तर नवी चिठ्ठी न काढता नोंदवलेलाच गट देतो. शेवटी उत्तरं येतात तेव्हा पानाने पाठवलेला गट आणि सर्व्हरने नोंदवलेला गट जुळतो का ते तपासतो. न जुळल्यास लगेच मला कळतं. ही शेवटची तपासणी त्या दिवशी असती, तर साडेदहाच्या बॅचमधली पहिलीच व्यक्ती अडली असती. कॅशे असो, बॅकचं बटण असो की उद्या येणारी ब्राउझरची नवी सोय, ब्राउझर काय म्हणतो यावर आता माझा डेटा अवलंबून नाही.

त्या अठ्ठेचाळीस जणांचं काय केलं? ज्यांना सर्व्हरने खरोखर गट दिला ते चोवीस ठेवले, बाकीचे चोवीस वगळले आणि नव्याने चोवीस जण शोधले. परीक्षेच्या आठवड्यात. प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात हे सगळं लिहिलं आहे: काय चुकलं, कसं कळलं, कोणाला का वगळलं, पुढे कोणते हेडर लावले. लिहिताना लाज वाटली होती. पण तुम्ही उद्या तोच प्रयोग पुन्हा करून बघणार असाल, तर तुम्हाला माझ्या निकालाइतकीच या परिच्छेदाची गरज पडेल.

म्हणून आजच्या आज एक काम करा. तुमच्या साइटचा लॉग उघडा आणि दोन आकडे शेजारी लिहा: किती जणांनी विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं.